तक्रार कोणी नोंदवायची? आफ्रिकेची आणि अरब जगाची मानवी हक्क सनद



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते वकीलसाहेब कुठलाही नवा कायदा हाती आला की शेवटाकडून वाचायला घेत, असे त्यांच्या हाताखाली काम केलेल्यांकडून मी ऐकले आहे. उद्देशिका, व्याख्या, हक्कांची यादी हे सगळे नंतर. अर्ज कोणी करायचा, कुठे करायचा, किती मुदतीत करायचा आणि निकाल कोणाला बांधून घेतो, हे आधी. आफ्रिका खंडाची आणि अरब देशांची मानवी हक्क सनद हा माझा आजचा विषय आहे आणि मी त्यांचीच रीत वापरणार आहे. या दोन्ही सनदांमधली हक्कांची यादी लांबलचक आहे. ती वाचून माणूस प्रसन्न होतो आणि तिथेच फसतो.

बाबासाहेब आंबेडकरांनाही यादीपेक्षा दाद मागण्याची सोय मोलाची वाटत होती. हक्कभंग झाल्यास थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची मुभा देणारे जे कलम आज आपण बत्तिसावे म्हणून ओळखतो, त्याला त्यांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले. समतेचे, स्वातंत्र्याचे, अस्पृश्यता नष्ट करणारे अशी एवढी कलमे समोर असताना त्यांनी निवडले ते हे. पण ज्याच्याविरुद्ध दाद मागायची त्या सरकारने न्यायालयेच खिशात घातली असतील तर? शेजारच्या देशांनी मिळून उभारलेल्या एखाद्या ठिकाणी, सीमेपलीकडे, सामान्य माणसाला जाता येते का? युरोपने १९५० मध्ये आणि अमेरिका खंडाने १९६९ मध्ये तसे करार केले. आफ्रिकेने १९८१ मध्ये केला. अरब लीगने आधी १९९४ मध्ये आणि मग २००४ मध्ये. पहिल्या दोघांवर मराठीतसुद्धा बरेच लिहिले गेले आहे. उरलेल्या दोघांकडे आपण सहसा पाहत नाही. खरे तर आपल्या माणसांचा संबंध त्यांच्याशीच जास्त आला आहे.

तो कसा, हे सांगण्यासाठी १९७२ च्या युगांडात जावे लागेल. त्या वर्षी ऑगस्टमध्ये लष्करशहा इदी अमीन याने जाहीर केले की आशियाई लोकांनी नव्वद दिवसांत देश सोडावा. आधी नाव घेतले ते ब्रिटिश पासपोर्टवाल्यांचे, मग भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशच्या नागरिकांचे. युगांडाचे नागरिकत्व घेतलेल्यांच्याही कागदपत्रांची छाननी झाली आणि अनेकांना कचेरीच्या रांगेतच कळले की आपण आता कुठल्याच देशाचे नाही. दुकाने, जिनिंगचे कारखाने, उसाचे मळे बहुतांशी गुजराती मंडळींचे होते, म्हणून ही कथा गुजरात्यांची म्हणून सांगितली जाते. पण कंपाला आणि एन्टेबीच्या सरकारी खात्यांत कारकून, हिशेबनीस, शिक्षक म्हणून दोन-दोन पिढ्या राबलेले गोवेकरही त्यात होते. त्यांच्याकडे मळे नव्हते. नोकरी, पेन्शनचा हक्क आणि क्लबातली संध्याकाळ एवढाच संसार होता. तोही तिथेच ठेवून ती कुटुंबे ब्रिटनला, कॅनडाला, काही गोव्याला परतली.

आफ्रिकी देशांची संघटना तेव्हा होती. आफ्रिकी ऐक्य संघटना १९६३ पासून आदिस अबाबात कार्यरत होती. तिने युगांडाला जाब विचारला नाही. विचारणार कसा? एकमेकांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही हे तिच्या घटनेतले पायाभूत तत्त्व होते. त्याला कारणही होते. वसाहतवाल्यांनी पट्टी घेऊन आखलेल्या सीमा, नुकतेच मिळालेले स्वातंत्र्य आणि मानवी हक्कांच्या नावाने पुन्हा घरात शिरू पाहणारे जुने मालक, हे सगळे खरे होते. पण त्या तत्त्वाच्या आडोशाने काय-काय चालले ते पाहा. १९७५ चे शिखर संमेलन कंपालात भरले आणि संघटनेचा वर्षभराचा अध्यक्ष म्हणून खुर्चीवर बसला इदी अमीन. टांझानियाच्या न्येरेरे यांनी आणि आणखी मोजक्या नेत्यांनी बहिष्कार टाकला. बाकीचे गेले.

मग १९७९ साल आले. एप्रिलमध्ये टांझानियाच्या फौजांनी अमीनला पळवून लावले. ऑगस्टमध्ये विषुववृत्तीय गिनीचा मासियास गेला. सप्टेंबरमध्ये मध्य आफ्रिकेचा स्वयंघोषित सम्राट बोकासा गेला. बोकासाच्या पतनामागे एक गोष्ट आहे, ती मला या इतिहासात फार महत्त्वाची वाटते. सक्तीच्या महागड्या गणवेशावरून राजधानी बांगीत शाळकरी मुलांनी निदर्शने केली होती. त्या अशांततेत एप्रिलमध्ये मुले तुरुंगात डांबली गेली आणि त्यांतली शंभराच्या आसपास मारली गेली. बोभाटा झाल्यावर पाच आफ्रिकी देशांच्या कायदेपंडितांचा चौकशी आयोग तिथे गेला आणि त्याने हत्याकांड झाल्याचा निर्वाळा दिला. आफ्रिकी न्यायाधीश आफ्रिकी राज्यकर्त्याची चौकशी करतात आणि आभाळ कोसळत नाही, हे खंडाने पहिल्यांदा पाहिले. त्याच उन्हाळ्यात मन्रोव्हियाच्या संमेलनात सनदेचा मसुदा तयार करण्याचा ठराव झाला.

मसुद्याचे सूत्र सेनेगलचे न्यायविद केबा म्बाये यांच्या हाती आले. हा माणूस समजून घेण्यासारखा आहे. फ्रेंच कायद्यात मुरलेला, पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा न्यायाधीश झालेला, आणि विकास हाही मानवी हक्क आहे असे स्ट्रासबर्गच्या व्याख्यानात १९७२ मध्येच मांडणारा. युरोपच्या मध्यभागी उभे राहून, भुकेल्या माणसाला नुसत्या भाषणस्वातंत्र्याचे काय करायचे असा प्रश्न तो विचारत होता. पण या युक्तिवादाचा सोयीस्कर उलटा अर्थ काढून भाकरी आधी, बोलणे नंतर असे सांगणाऱ्या हुकूमशहांच्या पंक्तीला तो बसला नाही. १९७९ च्या अखेरीस डाकारमध्ये तज्ज्ञांची बैठक भरली तेव्हा राष्ट्राध्यक्ष आणि कवी असलेल्या सेंघोर यांनी त्यांना युरोपची नक्कल करू नका, आफ्रिकेच्या परंपरेतले आणि गरजेतले मांडा, असे बजावले.

पुढे घोडे अडले. आदिस अबाबात १९८० मध्ये मसुद्यावर परिषद व्हायची होती ती विरोधामुळे झालीच नाही. तेव्हा गाम्बियाचे अध्यक्ष जावारा यांनी आपल्या चिमुकल्या राजधानीत मंत्र्यांना बोलावले आणि बान्जुलच्या दोन बैठकांत मसुदा पुरा झाला. म्हणून तिला आजही बान्जुल सनद म्हणतात. २७ जून १९८१ रोजी नैरोबीच्या संमेलनात ती मंजूर झाली. पाच वर्षांनी, २१ ऑक्टोबर १९८६ रोजी, अमलात आली. आज जुन्या ऐक्य संघटनेच्या जागी आलेल्या आफ्रिकी संघाच्या ५५ सदस्यांपैकी एकटा मोरोक्को तिच्या बाहेर आहे.

सनदेतल्या बाराव्या कलमाचे पाचवे पोटकलम उघडले की युगांडा डोळ्यांसमोर येतो. परदेशी लोकांची सामूहिक हकालपट्टी करता येणार नाही, आणि राष्ट्रीयत्व, वंश, जमात वा धर्म पाहून एखाद्या गटालाच हाकलणे म्हणजेच सामूहिक हकालपट्टी, असे ते स्वच्छ सांगते. कंपालाहून एका सुटकेसनिशी निघालेल्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही. कायदे बहुधा मागच्या माणसांचे पाहून पुढच्यांसाठी होतात. तेही लगेच नाही: सनद मंजूर झाली होती, अमलात यायची होती, तेवढ्यात जानेवारी १९८३ मध्ये नायजेरियाने लाखो घानावासीयांना काही आठवड्यांत बाहेर काढले. त्यांनी सामान भरून नेलेल्या चौकड्यांच्या पिशव्यांना पश्चिम आफ्रिकेत अजून 'घाना मस्ट गो' म्हणतात.

सनदेतले नवेपण दोन ठिकाणी आहे. व्यक्तीबरोबर लोकसमूहालाही हक्क आहेत: आपल्या जमिनीवरच्या आणि जमिनीखालच्या संपत्तीवर, विकासावर, निरोगी पर्यावरणावर. आणि व्यक्तीला कर्तव्येही आहेत, अगदी आईवडिलांना अडीअडचणीत सांभाळण्यापर्यंत. या कर्तव्यांवरून पाश्चात्त्य टीकाकारांनी बरीच धास्ती घेतली होती. सरकारे याच कलमांनी हक्कांचा गळा घोटतील असे त्यांना वाटले. मला ती भीती अस्थानी वाटते. गळा घोटण्याची सोय दुसरीकडे, अधिक साध्या शब्दांत करून ठेवली होती. मत मांडण्याचा हक्क आहे, पण कायद्याच्या चौकटीत. संघटनेचा हक्क आहे, पण कायदा पाळून. कुठला कायदा? सरकार करील तो. म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याची मोकळीक. ज्या राज्यकर्त्यांनी १९८१ मध्ये सह्या केल्या त्यांना ही कलमे वाचून हायसे वाटले असणार. देखरेखीसाठी न्यायालय नाही, नुसता अकरा जणांचा आयोग. आणि त्याची कारवाई राष्ट्रप्रमुखांच्या सभेने ठरवीपर्यंत गुप्त. सगळे कसे बेताचे.

आता वकीलसाहेबांच्या रीतीने शेवटाकडे जाऊ. पंचावन्न आणि छप्पन या दोन कलमांत, राष्ट्रांच्या तक्रारींखेरीज 'इतर' पत्रव्यवहारही आयोगाने घ्यावा असे म्हटले आहे. तो कोणी करायचा, याबद्दल सनद जवळजवळ गप्प आहे. पत्रावर नाव असावे, भाषा शिवराळ नसावी, देशातल्या न्यायालयांत शक्य तितकी दाद मागून झालेली असावी, नुसत्या वर्तमानपत्री बातम्यांवर विसंबू नये. पीडितानेच लिहिले पाहिजे असे कुठेही नाही. या मौनाचा आयोगाने उदार अर्थ लावला: कोणीही, कोणाहीसाठी. इतके मोकळे दार युरोपच्या न्यायालयालाही नाही. तिथे स्वतः बळी ठरल्याचे दाखवावे लागते. मसुदा करणाऱ्यांनी हे जाणून केले की राज्यकर्त्यांच्या नजरेतून ते निसटले, यावर अभ्यासकांनी वाद घालावा. परिणाम मात्र मोठा झाला.

झाम्बियाने पश्चिम आफ्रिकेतल्या ५१७ लोकांना उचलून बाहेर काढले. त्यांच्या वतीने डाकारच्या एका संघटनेने तक्रार केली आणि १९९६ मध्ये आयोगाने बाराव्या कलमाच्या त्याच पाचव्या पोटकलमावर बोट ठेवले. पुढच्या वर्षी तोच दंडक अंगोलाला लागला. अमीनच्या हुकमाची आठवण ज्या वाक्यात कोरली गेली होती ते वाक्य सेनेगल आणि मालीच्या मजुरांच्या, फेरीवाल्यांच्या कामी आले. भंग झाला असे आयोगाने म्हणायला सुरुवात केली, हेच मुळात त्याच्या निर्मात्यांना अपेक्षित नव्हते. गुप्ततेचे कलमही त्याने हळूहळू आपल्या अहवालांची पुरवणी म्हणून निर्णय छापत मोडीत काढले. आणि 'कायद्याच्या चौकटीत' या शब्दांबद्दल १९९८ मध्ये नायजेरियातल्या वृत्तपत्रांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले की देशाचा कायदा सनदेला गिळू शकत नाही. उलट तो कायदाच सनदेच्या कसोटीवर तपासला जाईल.

नायजेरियाबद्दल जरा थांबून बोलले पाहिजे, कारण तिथे ही सनद खऱ्या अर्थाने घासूनपुसून पारखली गेली. त्या देशाने १९८३ मध्ये सनदेला आपल्या कायद्याचाच दर्जा दिला. पुढे लष्कराने घटनेतली हक्कांची कलमे फर्मानांनी निकामी केली तेव्हा वकिलांनी ही सनद न्यायालयात नेली. गनी फावेहिन्मी हे लागोसचे झुंजार वकील जनरल अबाचाच्या काळात वॉरंटशिवाय उचलले गेले. त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००० मध्ये निकाल आला की सनद घटनेहून वरचढ नसली तरी साध्या कायद्यांहून तिचे वजन जास्त आहे. पण सनद केन सारो-विवा यांना वाचवू शकली नाही. नायजर नदीच्या मुखाकडचा ओगोनी मुलूख तेलकंपन्यांनी नासवला म्हणून लढणारा हा लेखक. आयोगाने फाशी थांबवण्याची विनंती केली असताना तो १० नोव्हेंबर १९९५ रोजी आठ सहकाऱ्यांसह फासावर गेला. ओगोनींची तक्रार मात्र आयोगापुढे जिवंत राहिली. लागोसच्या आणि न्यूयॉर्कच्या दोन संस्थांनी ती केली होती. २००१ मध्ये निर्णय आला: सरकारने तेलाच्या मागे लागून लोकांचे आरोग्य, पर्यावरण आणि स्वतःच्या संपत्तीवरचा हक्क तुडवला, इतकेच नव्हे, सनदेत अक्षरही नसलेले अन्न आणि निवाऱ्याचे हक्क आयोगाने इतर कलमांच्या पोटातून बाहेर काढले. तोवर तिथे मुलकी सरकार आले होते आणि अत्याचार झाल्याचे त्याने नाकारले नाही. ओगोनींच्या खाड्या काही त्यामुळे स्वच्छ झाल्या नाहीत.

केनियात बोगोरिया सरोवराच्या काठच्या एन्डोरोइस पशुपालकांना अभयारण्यासाठी १९७० च्या दशकात हुसकावले गेले होते. त्यांच्या तक्रारीवर आयोगाचा निर्णय २०१० मध्ये जाहीर झाला आणि त्यात विकासाच्या हक्काचा भंग झाल्याचे प्रथमच ठरले. म्बाये यांच्या स्ट्रासबर्गच्या व्याख्यानाला तेव्हा अडतीस वर्षे होत आली होती आणि ते स्वतः २००७ मध्येच गेले होते.

एक विसंगती इथेच सांगून टाकतो. या आयोगाचे मुख्यालय बान्जुलला. त्याच गाम्बियात १९९४ मध्ये याह्या जामेने सत्ता बळकावली आणि २०१७ पर्यंत सोडली नाही. डिसेंबर २००४ मध्ये देयदा हायदारा या संपादकाला याच शहराच्या परिसरात गाडीत गोळ्या घातल्या गेल्या. सबंध खंडाच्या तक्रारी ज्या शहरात पोचत होत्या त्या शहरात वर्तमानपत्र काढणे जिवावरचे होते. आयोगाने गाम्बियाविरुद्ध ठराव केले, निर्णय दिले. बाडबिस्तरा मात्र तिथेच राहिला.

आयोगाचे निर्णय म्हणजे शिफारशी. म्हणून १९९८ मध्ये वागाडुगूला न्यायालयाचा करार झाला, २००४ मध्ये तो अमलात आला, आणि टांझानियातल्या अरुशा शहरात आफ्रिकी मानवी हक्क न्यायालय बसले. त्याचे निकाल बंधनकारक. मात्र इथे राज्यकर्ते सावध होते. बान्जुलला जे निसटले ते वागाडुगूला त्यांनी निसटू दिले नाही. व्यक्तीला किंवा संस्थेला थेट न्यायालयात जायचे असेल तर त्या देशाने तशी परवानगी देणारे वेगळे घोषणापत्र दिलेले असले पाहिजे. चौतिसाव्या कलमाचे सहावे पोटकलम. आजवर अवघ्या बारा देशांनी ते दिले.

आणि जिथे ते मिळाले तिथे काय झाले? टांझानियात पक्षाच्या तिकिटाशिवाय निवडणूक लढवता येत नसे. ख्रिस्तोफर म्तिकिला हे धर्मोपदेशक वर्षानुवर्षे त्याविरुद्ध भांडत होते. २०१३ मध्ये अरुशाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. बुर्किना फासोत एका सरकारी वकिलावर लिहिल्याबद्दल संपादक कोनाते तुरुंगात गेला. अब्रूनुकसानीसाठी कैद नको, असे २०१४ मध्ये ठरले. केनियातल्या माऊ जंगलातल्या ओगिएक लोकांना २००९ मध्ये तीस दिवसांत जंगल सोडण्याची नोटीस मिळाली होती. केनियाने घोषणापत्र दिलेले नव्हते, तेव्हा आयोगच त्यांच्या वतीने न्यायालयात गेला. २०१७ चा निकाल असा की जंगलाच्या ऱ्हासाचे खापर शिकार करून, मध गोळा करून जगणाऱ्या त्या लोकांवर फोडता येणार नाही, आणि ती जमीन त्यांची वडिलोपार्जित आहे. २०२२ मध्ये नुकसानभरपाई आणि जमिनीच्या मालकीपत्रांचा आदेश झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये वनरक्षक पुन्हा आले आणि घरे पाडली.

राज्यकर्त्यांनी यातून धडा घेतला, पण आपल्या सोयीचा. रवांडाने २०१६ मध्ये घोषणापत्र मागे घेतले. टांझानियाने, म्हणजे न्यायालयाच्या यजमानाने, २०१९ मध्ये. बेनिन आणि कोत द'इव्होआर यांनी २०२० मध्ये. ट्युनिशियाने मार्च २०२५ मध्ये. न्यायालयात सगळ्यात जास्त दावे टांझानियाविरुद्धच होते, बहुतेक कैद्यांचे. न्यायालय निष्क्रिय असते तर या पाचांनी तसदी घेतली नसती, एवढे मी त्यातून समजतो.

आता अरब लीगकडे वळू. १९४५ मध्ये कैरोत स्थापन झालेल्या या संघटनेने मानवी हक्कांची कायम समिती १९६८ मध्ये नेमली. ती प्रामुख्याने इस्रायलने व्यापलेल्या प्रदेशांपुरतेच बोलत राहिली. तो विषय खोटा नव्हता. पण दमास्कस, बगदाद, रियाधमधल्या तुरुंगांबद्दल न बोलण्याची ती सोयही होती. डिसेंबर १९८६ मध्ये अरब कायदेपंडित सिसिलीतल्या सिराक्यूजला जमले आणि त्यांनी न्यायालयासह एक उत्तम मसुदा केला. आपल्या देशांच्या हक्कांवर बोलायला त्यांना समुद्र ओलांडून इटलीत जावे लागले, यावरून काय ते समजा. तो मसुदा बाजूला पडला. लीगच्या परिषदेने सप्टेंबर १९९४ मध्ये स्वतःची सनद मंजूर केली आणि तिला एकाही देशाने मान्यता दिली नाही.

दुसरी आवृत्ती मे २००४ मध्ये ट्युनिसच्या शिखर संमेलनात मंजूर झाली. सात मान्यता पुऱ्या झाल्यावर १५ मार्च २००८ रोजी अमलात आली. त्या पहिल्या सातांत गद्दाफींचा लिबिया होता आणि असदचा सीरियाही. यादी म्हणून पाहिली तर तिच्यात चांगले बरेच आहे. छळाला बंदी आहे, मानवी व्यापाराला बंदी आहे, अपंगांबद्दलचे कलम आफ्रिकी सनदेहून कितीतरी सविस्तर आहे. सामूहिक हकालपट्टी कुठल्याही परिस्थितीत निषिद्ध आहे, असेही ती म्हणते; आखाती युद्धाच्या सुमारास सौदी अरेबियातून लाखो येमेनी आणि कुवेतमधून लाखो पॅलेस्टिनी घालवले गेले होते, हे लक्षात घेतले तर ते वाक्य धाडसाचे आहे. उणिवाही ठळक आहेत. अठरा वर्षांखालच्यांना फाशी नको, पण देशाच्या कायद्यात वेगळे असेल तर चालेल. स्त्रीपुरुष समान, पण शरियतने आणि इतर धर्मशास्त्रांनी स्त्रीच्या बाजूने केलेल्या भेदाच्या चौकटीत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त लुईझ आर्बर यांनी जानेवारी २००८ मध्ये आधी सनदेचे स्वागत केले आणि महिना संपण्याआधी खुलासा करून मुलांची फाशी, स्त्रिया व बिगर-नागरिकांचे हक्क आणि झायनवादाला वंशवाद ठरवणारी भाषा यांना आक्षेप घेतला.

बिगर-नागरिक हा शब्द रत्नागिरी, रायगडच्या घराघरांतल्या माणसांना लागू पडतो. दापोली, खेड, मंडणगड, म्हसळा या भागांतून कुवेत, दुबई, सौदीला गेलेल्यांच्या पैशावर कोकणातली किती घरे उभी राहिली, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्यांच्यासाठी सनदेच्या चौतिसाव्या कलमात एक ओळ आहे: स्थलांतरित कामगारांना लागू कायद्यांनुसार आवश्यक ते संरक्षण दिले जाईल. आखातात लागू कायदा म्हणजे दीर्घकाळ कफाला. मालकाच्या जामिनावर व्हिसा, मालकाच्या मर्जीवर नोकरी बदलणे, आणि कायद्याने मनाई असूनही बऱ्याचदा मालकाच्या कपाटात पासपोर्ट. कतारने आणि इतरांनी अलीकडे त्यात सुधारणा केल्या. त्या झाल्या विश्वचषकाच्या निमित्ताने जगाने लावलेल्या रेट्यातून आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पाठपुराव्यातून. अरब सनदेचे नाव त्यात मला कुठे ठळकपणे दिसले नाही.

दिसणार कसे? शेवटची पाने उलटा. सात सदस्यांची समिती आहे. देशांनी तिला अहवाल द्यायचे, तिने ते वाचून शेरे मारायचे. पगार थकलेला गवंडी, नागरिकत्व काढून घेतलेला डॉक्टर, तुरुंगातल्या मुलाची आई, यांपैकी कोणालाही या समितीकडे तक्रार नोंदवण्याची तरतूद नाही. बहरीनने सनद सर्वांआधी मान्य करणाऱ्या सातांत स्थान मिळवले. नागरिकत्व मनमानीने काढून घेता येणार नाही असे ती म्हणते. त्याच बहरीनने नोव्हेंबर २०१२ मध्ये ३१ जणांचे नागरिकत्व एका फटक्यात रद्द केले. पुढे अरब मानवी हक्क न्यायालयाची कल्पना बहरीनच्या राजांनीच मांडली. त्याची नियमावली २०१४ मध्ये मंजूर झाली, मुक्काम ठरला मनामा. त्या नियमांप्रमाणे दावा सरकारे करू शकतात. स्वयंसेवी संस्थेला जायचे तर ती त्या देशात नोंदलेली हवी आणि देशाची तशी संमती हवी. व्यक्तीला जागाच नाही. पुरेशा मान्यतांअभावी ते न्यायालय अजून उभे राहिलेले नाही. मला त्याचे फारसे दुःख वाटत नाही.

इथे कोणी म्हणेल की फरक संस्कृतीचा आहे. मला ते पटत नाही, आणि त्याला पुरावा आहे. अरब लीगच्या बावीस सदस्यांपैकी दहा देश आफ्रिकेत आहेत. मोरोक्को सोडला तर तेच देश, तीच माणसे, तोच धर्म, दोन सनदा. मे २००५ मध्ये कैरोत निदर्शनांच्या वेळी चार महिला पत्रकारांना पोलिसांदेखत मारहाण झाली, कपडे फाडले गेले. इजिप्तमध्ये फिर्याद गुंडाळली गेल्यावर प्रकरण बान्जुलला गेले. २०११ मध्ये आयोगाने इजिप्तला दोषी ठरवून प्रत्येकीला ५७,००० इजिप्शियन पौंड देण्यास सांगितले आणि हा स्त्री म्हणून केलेला अत्याचार आहे, असे नोंदवले. या चौघीही अरब होत्या. त्यांनी गाठला तो आफ्रिकी आयोग.

लिबियाचे उदाहरण याहून बोलके आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये गद्दाफींनी बंड चिरडायला घेतले तेव्हा अरब लीग झोपली नव्हती. तिने लिबियाचे सदस्यत्व स्थगित केले, मार्चमध्ये सुरक्षा परिषदेकडे हवाई बंदीची मागणी केली. लढाऊ विमाने मागवण्याइतके बळ लीगमध्ये होते. बेनगाझीतल्या एखाद्या माणसाची तक्रार घेण्याइतकी यंत्रणा नव्हती. लिबियाने अरब सनद मान्य केलेली असूनही. त्याच दिवसांत इजिप्तमधल्या आणि इतर संस्थांनी बान्जुलला लिहिले, आयोगाने अरुशाला धाडले, आणि २५ मार्च २०११ रोजी न्यायालयाने लिबियाला जीवितहानी थांबवण्याचा अंतरिम आदेश दिला. लिबियाने तो पाळला नाही. तरी एका सार्वभौम सरकारविरुद्ध काही आठवड्यांत न्यायालयाचा हुकूम निघाला, आणि तोही दुसरी बाजू ऐकण्याआधी, परिस्थितीची निकड पाहून.

या सगळ्यात आपण कुठे, हा प्रश्न साहजिक आहे. अरब देश वगळले तर आशियात अशी सनद नाही. आग्नेय आशियाई देशांचा २०१२ चा जाहीरनामा सोडला तर काहीच नाही. नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये मान्य केला, पण व्यक्तीला संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे तक्रार करू देणारा जोडकरार मान्य केलेला नाही. म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटले की भारतीय माणसाला या करारांपुरती पुढची पायरी नाही. ट्युनिशियाच्या किंवा मालीच्या नागरिकाला ती आहे, याचा आपण क्वचितच विचार करतो.

आणि ट्युनिशियापाशीच मी थांबणार आहे. जुलै २०२१ मध्ये अध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठवून फर्मानांनी कारभार सुरू केला. घटना न्यायालय तिथे कागदावरच होते, त्यामुळे देशात दाद मागायला जागा नव्हती. एक वकील अरुशाला गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने ती फर्माने रद्द करून दोन वर्षांत घटनात्मक लोकशाही पूर्ववत करण्याचा आदेश दिला. तो पाळला गेला नाही. मुदत उलटून गेल्यावर सरकारने घोषणापत्रच मागे घेतले. रवांडाच्या वेळी न्यायालयाने नियम घालून दिला आहे: माघार एक वर्षाने लागू होते आणि आधी दाखल झालेले दावे त्यामुळे बाद होत नाहीत. शिवाय ही माघार फक्त न्यायालयापुरती आहे. बान्जुलच्या आयोगाकडे जाण्यासाठी कुठल्याच घोषणापत्राची गरज १९८१ मध्ये ठेवली गेली नव्हती. ट्युनिसमधल्या तुरुंगात असलेल्या माणसाच्या वतीने पंचावन्नाव्या कलमाखाली पत्र आजही लिहिता येते. ते त्याच्या बायकोने लिहावे, वकिलाने लिहावे, किंवा त्याला कधी न भेटलेल्या कोणी लिहावे.